मिश्र चिकित्सेकडून समग्र चिकित्सेकडे : वाटेतील एक ठेच

आयुर्वेदाकडे आम्ही श्रद्धेने वळलो, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. सत्कार समारंभात बोलताना आमच्या पिढीतील अनेक वैद्य तसे सांगतात. वस्तुस्थिती अशी की, १९९९ साली आमचे गुण एम.बी.बी.एस.च्या प्रवेशयादीपर्यंत पोहोचले नाहीत आणि वडिलांनी ‘डॉक्टर ही पाटी तरी लागेल’ या हिशेबाने आयुर्वेद महाविद्यालयाचा अर्ज भरला. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ त्याच्या आदल्याच वर्षी स्थापन झाले होते. आमच्या वर्गातील बहुतेकांची कथा थोड्याफार फरकाने हीच होती. वैद्यबांधवांपैकी ज्यांना ती आपली वाटेल त्यांनी संकोच मानू नये, आणि ज्यांच्या घरी खल-बत्ता चार पिढ्यांचा आहे त्यांनी आम्हांस क्षमा करावी.

साडेचार वर्षे संहिता वाचल्या, त्या मुख्यतः परीक्षेपुरत्या. ‘टीपा लिहा’ या सदरात येणारे विषय आम्हांस तोंडपाठ होते. त्यानंतरच्या आंतरवासितेत ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात शीर शोधणे, टाके घालणे, सलाईन लावणे ही कौशल्ये हाती आली आणि खरे सांगायचे तर त्याच वर्षी प्रथमच आपण डॉक्टर आहोत असे वाटले. चरकाचा ग्रंथ ट्रंकेच्या तळाशी गेला.

२००५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव येथे आम्ही भाड्याच्या एका गाळ्यात दवाखाना थाटला. हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा तालुका. ऑक्टोबर छाटणी झाली की बागांतून मजुरांच्या टोळ्या फिरू लागतात. घडांची विरळणी हे काम बहुतांशी स्त्रियांचे. मांडवाखाली उभे राहून, मान मागे टाकून, हात डोक्याच्या वर धरून दिवसभर मणी काढायचे. सायंकाळी टेम्पोतून उतरल्या की त्यांतील निम्म्या दवाखान्यात. मान, खांदा, मनगट. एक सुई आणि तीन रंगांच्या गोळ्या, दोन दिवसांच्या. रुग्णही मागत तेच. सुई न देणारा डॉक्टर त्यांच्या लेखी अपुरा होता. डायक्लोफेनॅक तर आम्ही वापरतच होतो; दुखणे फार असेल तर डेक्सामेथासोनची एक लहान गोळी त्या पुडीत टाकण्यासही आमचा हात कचरत नसे. मिश्र चिकित्सेचा कायदेशीर वाद या लेखाचा विषय नाही. १९९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि राज्याच्या १९६१ च्या अधिनियमात २०१४ मध्ये झालेली दुरुस्ती यांवर या व्यवसायात पुष्कळ चर्चा झाली आहे. आमचा प्रश्न एवढाच की, जी औषधे आम्ही देत होतो त्यांची पूर्ण विद्या आमच्याकडे नव्हती आणि जी विद्या आमच्याकडे होती तिची औषधे आम्ही देत नव्हतो.

२००६ च्या चिकुनगुन्याने यास पहिला धक्का दिला. त्या वर्षी देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. आमच्या तालुक्यात ताप चार-पाच दिवसांत उतरे, परंतु सांधे महिनोन्महिने धरून बसत. वेदनाशामके देऊन देऊन रुग्णांची जठरे बिघडली आणि दुखणे तेथेच राहिले. त्यांत आमच्या मातोश्रीही होत्या. सकाळी उठताना त्यांना भिंतीचा आधार लागे. घरात डॉक्टर असताना त्या एके दिवशी शेजारच्या पेठेतील एका वयोवृद्ध वैद्यांकडे आम्हांस न सांगता गेल्या. त्या वैद्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. सारे गाव त्यांना ‘वैद्यकाका’ म्हणे. त्यांनी मातोश्रींना पहिला प्रश्न विचारला तो भुकेचा. दुसरा प्रश्न मलप्रवृत्तीचा, तिसरा झोपेचा. सांधा त्यांनी सर्वांत शेवटी पाहिला. आठ दिवस रात्रीचे जेवण बंद, तहानेला सुंठ घालून उकळलेले पाणी, वाळूच्या पुरचुंडीचा रूक्ष शेक आणि त्यानंतर रास्नासप्तकाचा काढा व एरंडस्नेह. दोन महिन्यांनी मातोश्री पाट्यावर चटणी वाटू लागल्या. चिकुनगुन्याचे सांधे काही जणांत कालांतराने आपोआपही मोकळे होतात, हे आज आम्ही जाणतो. त्या वेळी मात्र तो चमत्कार वाटला.

पुढील तीन वर्षे दुपारी दवाखाना बंद असे तेव्हा आम्ही काकांच्या ओसरीवर बसत असू. शिकवणे असे ते काही करीत नसत. रुग्णाची जीभ पाहत आणि आम्हांस नुसते ‘बघ’ म्हणत. एकदा एका तरुणाची नाडी दहा मिनिटे धरून त्यांनी त्याला विचारले, ‘कर्ज किती झालंय?’ तो मुलगा रडू लागला. त्या वर्षी फुलोऱ्याच्या वेळी पाऊस लागून त्याची बाग गेली होती. नाडीत कर्ज समजते असा आमचा दावा नाही. काकांना गावातील बागा ठाऊक होत्या, पाऊस ठाऊक होता आणि माणसे ठाऊक होती. दशविध परीक्षेतील देश, काल, सत्त्व ही पदे आम्ही तोपर्यंत केवळ लिहीत आलो होतो.

नवदीक्षिताचा उत्साह

२०१० च्या विजयादशमीस आम्ही दवाखान्यातील सुया, सलाईनचे स्टँड, गोळ्यांचे डबे काढून टाकले आणि दारावर पाटी लावली : ‘येथे फक्त शुद्ध आयुर्वेदीय चिकित्सा केली जाईल.’ दिवसाकाठी साठ रुग्णांचे आठ झाले. सौभाग्यवती शिक्षिका असल्याने घर चालले, हे नमूद केलेच पाहिजे. ‘शुद्ध’ व्यवसायाच्या अनेक कथांमागे असा एक नियमित पगार असतो आणि तो लेखांतून गाळला जातो.

त्या काळातील आमची भाषा आठवली की आज संकोच वाटतो. रुग्णाने ‘इंग्रजी गोळी’ असा शब्द उच्चारताच आम्ही त्याला थांबवीत असू. ‘आधी ते सगळे बंद करा, मग आमचे औषध सुरू’ हे आमचे ठरलेले वाक्य होते. शरीर स्वच्छ केल्याखेरीज औषध लागू पडत नाही, मग आधीची औषधे काढून टाकणे हा शोधनाचाच भाग, असा आमचा युक्तिवाद असे. तो ऐकावयास बरा वाटतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या कोणाही तरुण वैद्याच्या तोंडी तो आजही ऐकू येतो.

२०११ च्या डिसेंबरात पन्नाशीच्या पुढील एक बाई आल्या. विरळणीच्या टोळीतील मजूर. दोन्ही मनगटे व बोटांची मुळे सुजलेली, सकाळचा आखडलेपणा दोन-अडीच तासांचा, तीन वर्षांचा इतिहास. अरुची, जिभेवर साम लेप, मलावष्टंभ. आमवाताचे असे चित्र महाविद्यालयात कोणी फळ्यावर काढून दाखवले असते तर तेही इतके स्पष्ट आले नसते. चेहरा गोल व भरलेला होता. सोबतचे यजमान कौतुकाने म्हणाले, ‘दुखणं हाय, पर तब्येत धरलीया बघा.’ आम्ही ते वाक्य ऐकले आणि सोडून दिले. कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर बाईंनी वायरच्या पिशवीतून वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी काढून दाखवली. ती आम्ही बाजूला ठेवली आणि नेहमीचे वाक्य म्हटले. त्यांनी मान डोलावली. त्या अत्यंत आज्ञाधारक रुग्ण होत्या. दुर्दैव म्हणायचे ते एवढेच.

लंघन, शुंठीसिद्ध जल, वालुकास्वेद, आणि चौथ्या दिवसापासून रोज एरंडस्नेह. पाचव्या दिवशी मळमळ सुरू झाली. सातव्या दिवशी यजमान सांगत आले की ती उठत नाही, अंग मोडून आले आहे, अन्न नको म्हणते. आम्ही माधवनिदानातील आमवाताची सामान्य लक्षणे मनाशी मोजली : अंगमर्द, अरुची, तृष्णा, आलस्य, गौरव. सगळी जुळत होती. आमाचे पचन सुरू आहे, धीर धरा, असे आम्ही सांगितले आणि स्नेहाची मात्रा तेवढी कमी केली. या ओळी लिहिताना हात जड होतो. लक्षणे जुळत होती हे खरे. पण तीच लक्षणे दुसऱ्या एका अवस्थेशीही जुळत होती आणि ती अवस्था आमच्या मनाच्या पाटीवर ‘येथे फक्त’ असे लिहिले असल्याने आत येऊ शकली नाही.

नवव्या रात्री अकराच्या सुमारास आम्हांस घरी बोलावणे आले. बाई अर्धवट शुद्धीत, हातपाय गार, नाडी मोठ्या कष्टाने लागणारी. रक्तदाबाचा वरचा आकडा सत्तरच्या आसपास. टोळीच्याच टेम्पोतून त्यांना मिरजेस हलवले. तेथील एका फिजिशियनांनी त्यांचा गोल चेहरा, बारीक झालेले दंड, पोटावरील जांभळट रेषा आणि कागदासारखी पातळ त्वचा पाहून यजमानांना एकच प्रश्न विचारला : ‘आणखी काय खात होत्या?’ यजमानांनी वायरची पिशवी उलटी केली. तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या चौकोनी घडीच्या पुड्या होत्या. रोज एक, तीन वर्षे. त्या बाईंनी आमच्या आज्ञेनुसार नऊ दिवसांपूर्वी बंद केल्या होत्या.

आमच्या वाचकांस पुढील गोष्ट विस्ताराने सांगण्याचे कारण नाही, तरी तरुण वैद्यांसाठी लिहितो. बाहेरून स्टेरॉइड दीर्घकाळ मिळत राहिले की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे काम थांबवते. ते एकाएकी बंद केले आणि त्यात उपवास, रेच, उलटी, ज्वर असा ताण पडला तर शरीराकडे त्यास तोंड देण्याचे साधनच उरत नाही. रक्तातील सोडियम व साखर उतरते, रक्तदाब कोसळतो. वेळेत ओळखले नाही तर रुग्ण दगावतो. त्या रात्री शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन व सलाईन दिल्यावर सकाळपर्यंत बाई बोलू लागल्या. फिजिशियनांचा आम्हांस दूरध्वनी आला. त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच अधिक बोचले. ‘वैद्यराज, तुमचे लंघन, रेचन मी समजू शकतो. पण बाईंच्या पिशवीत काय काय आहे, ते तुम्ही पाहिले होते का?’

रुग्णालयातून आल्यावर आम्ही बाईंना विचारले, ‘मावशी, त्या पुड्यांचे मला का नाही सांगितले?’ त्या गोंधळून म्हणाल्या, ‘तुम्ही औषधाचं इचारलं. ती औषध न्हवं, पुडी हाय. आयुर्वेदिकच की!’

सातवा अध्याय

ही हकीकत आम्ही काकांना सांगितली तेव्हा त्यांनी दोष दिला नाही. ‘चरकाच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय काढ,’ एवढेच म्हणाले. न वेगान्धारणीय अध्याय. वेगधारणाचा विषय संपल्यावर पुढे, शरीराला सरावलेली अहितकर गोष्ट सोडावी कशी, याचे विवेचन तेथे आहे : ती एकदम सोडू नये, चतुर्थांशाने कमी करीत जावे आणि तिच्या जागी हितकर गोष्ट त्याच क्रमाने वाढवीत जावे. वाग्भटांनीही हेच सांगून, असे न केल्यास सात्म्य बिघडून रोग उद्भवतात, असा इशारा दिला आहे. पादांशिक क्रम. द्वितीय वर्षात आम्ही यावर टीप लिहिली होती आणि पाचपैकी चार गुण मिळवले होते.

काका म्हणाले, ‘अरे, व्यसन असो, अन्न असो, औषध असो. देहाने ज्याला आपलं म्हटलंय ते हिसकावून घ्यायचं नसतं.’

येथे एक स्पष्टीकरण अवश्य करावयास हवे. ग्रंथात दिलेले दिवसांचे अंतर आहार-विहारातील सवयींसाठी आहे. स्टेरॉइड कमी करण्याचा काळ आठवड्यांचा आणि अनेकदा महिन्यांचा असतो व तो ठरवण्याचे काम त्या विषयाच्या तज्ज्ञाचे आहे. ‘चरकानेही हेच सांगितले आहे’ म्हणून कोणी स्वतःच गोळी चतुर्थांशाने कमी करू लागेल तर आमची चूक तो वेगळ्या वाटेने पुन्हा करील. तत्त्व आपले असले तरी मात्रा मोजण्याचे माप त्यांच्याकडे आहे. बाईंच्या बाबतीत त्याच फिजिशियनांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन कमी करीत बंद करण्यास चौदा महिने लागले. त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली, ती आजही चालू आहे. आम्ही अग्नी, मलप्रवृत्ती, निद्रा आणि वात यांच्याकडे पाहतो. बाईंच्या बोटांना व्यंग आले नाही. याचे श्रेय कोणाचे, हे आम्ही ठरवू शकत नाही आणि ठरवण्याची गरजही वाटत नाही. रोग समूळ गेला असे म्हणणार नाही. परंतु सांध्यांची झीज एकदा झाली की ती गुग्गुळाने भरून येत नाही, तेव्हा अशा रुग्णास ‘आधी सहा महिने फक्त आमचे घेऊन पाहा’ असे सांगणे आम्ही सोडून दिले आहे.

आणखी एका ठिकाणी जाणे प्राप्त होते. पुडी देणारे गृहस्थ आमच्याच महाविद्यालयाचे, दोन वर्षे पुढच्या वर्गातील. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा दवाखान्यात पाय ठेवण्यास जागा नव्हती. पुडीत डेक्सामेथासोन असल्याचे त्यांनी नाकारले नाही. ते म्हणाले, ‘तू शुद्ध झालास, आनंद आहे. पण त्या बाईला दुसऱ्या दिवशी विरळणीला जायचं होतं. एक खाडा पडला की मुकादम दुसरी बाई घेतो. तू सांगितलेलं लंघन करून ती आठवडाभर घरी बसली असती, तर तिची चूल पेटवायला तू जाणार होतास का?’

आम्ही निरुत्तर झालो नाही, पुष्कळ बोललो. हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, त्या रात्रीचा सत्तरचा रक्तदाब, सारे सांगितले. वैद्याला स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनवून देण्याची जी मुभा कायद्याने दिली आहे, ती वैद्याच्या सचोटीवर विसंबून दिलेली आहे, हेही सांगितले. मात्र घरी परतताना लक्षात आले की खाड्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आमचे लंघन, आमचा काढा, आमची पंचकर्मे ही सवड असणाऱ्या माणसासाठी रचलेली होती. सकाळी सातला टेम्पो पकडणाऱ्या स्त्रीने सोळापट पाण्यात काढा चढवून अष्टमांश उरेपर्यंत चुलीपाशी केव्हा बसायचे?

समग्र चिकित्सा हा शब्द आम्ही तोपर्यंत शरीर, मन आणि आत्मा अशा अर्थाने वापरत होतो. त्यात रोजंदारी आली नव्हती आणि पिशवीही आली नव्हती.

तेव्हापासून आमच्या चिकित्सेचे वेळापत्रक द्राक्षबागेशी जुळवून घ्यावे लागले. शरद ऋतूत विरेचन हे शास्त्र, आणि शरदातच ऑक्टोबर छाटणी. त्या दिवसांत टोळीतील बाई विरेचनास येणार नाही, आली तर कामावर रेच होऊन पडेल. तिला आम्ही शोधन न देता रात्री सौम्य अनुलोमन देतो. याउलट वर्षा ऋतू बस्तीसाठी उत्तम, आणि त्या काळात विरळणीसारखे काम नसते. येथे शास्त्र आणि शिवार दोन्ही एकाच बाजूला येतात. आठ दिवसांचा योगबस्ती आम्ही त्या काळात सवलतीच्या दरात करतो. काढ्याऐवजी शुंठीसिद्ध जल रात्रीच्या स्वयंपाकातच उकळून थर्मासमध्ये भरायचे, ते बागेत घोट घोट प्यायचे. मुकादमाशी बोलून दर तासाला पाच मिनिटे हात खाली घेण्याची सुटी आम्ही दोन टोळ्यांत लावून घेतली. एका टोळीत ती टिकली. दुसरीत चार दिवस.

पिशवी टेबलावर

नवा रुग्ण आला की आम्ही आज नाडीआधी पिशवी मागतो. ‘औषध’ हा शब्द वापरत नाही. ‘तोंडात जाते ते, अंगाला लागते ते, आणि कोणी दिलेले जे काही घरात आहे ते सगळे घेऊन या,’ असे सांगतो. दहा-पंधरा मिनिटे जातात. पण जे निघते ते आमच्या दीर्घ प्रश्नावलीतून कधी निघाले नव्हते.

आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी रोज घेणारे एक आजोबा त्यातून वेळेवर सापडले. रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेणाऱ्या एका बाई आम्हीच दिलेले यष्टिमधु चूर्ण आम्लपित्तासाठी सहा महिने आवडीने खात होत्या. यष्टिमधूने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. मूत्रल औषधाच्या जोडीने तर अधिकच. दाब का आटोक्यात येत नाही, असा त्यांच्या डॉक्टरांना प्रश्न पडला होता. उत्तर आमच्या दवाखान्याच्या शिक्क्यासह पिशवीत होते. कोविडकाळात घरोघर सुरू झालेला गुळवेलीचा काढा कित्येकांनी पुढे सोडलाच नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांतील यकृतविकृतीची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जाती असू शकते, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त असेलही. परंतु कुंपणावरून वेल तोडून आणणाऱ्या आमच्या रुग्णाला तरी त्या दोन जाती कोण ओळखून देणार? (मशेरीची डबी मात्र पिशवीतून कधीच निघत नाही. ती कमरेला असते आणि तिच्यासाठी स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो.)

औषधविक्रेते बंधूंशी या संदर्भात दोन शब्द बोलायचे आहेत, कारण पिशवीतील निम्मा ऐवज त्यांच्या दुकानातून येतो. गोळ्यांची पट्टी कापून देताना औषधाचे नाव आणि मुदत ज्या तुकड्यावर असते तो आपल्याकडे राहतो आणि रुग्णाकडे चार अनाम गोळ्या जातात. कृपया नावाचा भाग रुग्णाला द्या, नाहीतर पाकिटावर लिहून द्या. सुटे चूर्ण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देताना एक चिठ्ठी टाका. भल्लातक, कुचला, वत्सनाभ असलेले कल्प हे अनुसूची ई(१) मधील असून त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. ती ग्राहकाने वाचावी अशी अपेक्षा न धरता आपण वाचून दाखवावी. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य विक्रीस सोयीचे आहे. आमच्या मावशीही तेच म्हणाल्या होत्या.

धातूंचा प्रश्नही येथेच येतो. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा आमच्यासह बहुतेक वैद्य संतापले होते. शोधन-मारणाचा विचार न करता केलेले परीक्षण, अशी टीका आपण केली. ती पूर्णतः चुकीची नव्हती. पण मारण नीट झाले आहे हे आपण तरी कशावरून सांगतो? केंद्र शासनाने निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी सक्तीची केली. आम्ही त्यानंतर पुष्कळ उशिरा, २०१२ पासून, रसकल्प घेताना त्या घाण्याचे परीक्षणपत्र मागू लागलो. एका विक्रेत्याने ते देण्याऐवजी आम्हांस माल देणे बंद केले. दुसऱ्याने प्रथम नाराजीने आणि आता न मागता पाठवण्यास सुरुवात केली आहे. विपरीत परिणामांची नोंद घेण्यासाठी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान, नवी दिल्ली येथे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आपल्यापैकी किती जणांनी तेथे एक तरी अहवाल पाठवला आहे? आम्ही आजवर तीन पाठवले. यष्टिमधूचा त्यांतील पहिला. स्वतःच्या चुकीचा अर्ज भरताना दोन दिवस गेले.

दारावरची पाटी आम्ही २०१२ मध्येच उतरवली. ‘फक्त’ आणि ‘शुद्ध’ हे दोन शब्द रंगाऱ्याकडून पुसून घ्यावेत असे मनात होते. त्याने सांगितले की नवी पाटीच स्वस्त पडेल. सुया पुन्हा आणल्या नाहीत. रुग्णसंख्या आता पंचवीस-तीस असते. काका २०१३ च्या थंडीत गेले. पुडीवाले समव्यवसायी आजही त्याच जागी आहेत आणि आमच्याकडे येणाऱ्या पिशव्यांतून चौकोनी घडीच्या पुड्या अजूनही कधीमधी निघतात. त्या कोणाच्या, हे रुग्ण सांगत नाहीत. आम्ही त्या बंद करावयास सांगत नाही. त्याच दिवशी फिजिशियनांच्या नावे चिठ्ठी लिहितो.

गेल्या आषाढात बाई बस्तीसाठी आल्या. साठी उलटली आहे, विरळणीस जात नाहीत, बेदाणा निवडण्याच्या शेडवर बसून काम करतात. आम्ही काही विचारण्याआधीच त्यांनी वायरची पिशवी टेबलावर उपडी केली. गोळ्या, डोळ्यांचे थेंब, आमचे अनुलोमन चूर्ण, आणि एक झगझगीत नवी डबी. नातवाने मोबाईलवर जाहिरात पाहून सांधेदुखीसाठी मागवलेल्या कॅप्सूल. डबीवर हिरवे पान होते. घटकद्रव्यांच्या जागी ‘गुणकारी जडीबुटी’ एवढेच.

‘खाल्ली न्हाय अजून,’ बाई म्हणाल्या. ‘म्हटलं, आधी तुमास्नी दावावी.’

डबी आम्ही खणात ठेवली, चष्मा पुसला आणि भुकेचे विचारले.